अंबाडा घातलेली झाडं

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत मी आईला एक फोटो पाठवला होता. धुक्यातली अकरा झाडं, एका रांगेत, पायाशी पाण्याचा अरुंद चर, मागे काहीच नाही, नुसतं पांढरं. त्या फोटोसाठी मी चार शनिवार अंधारात सायकल काढून बाहेर पडले होते, आणि मिळाल्यावर घरी येईपर्यंत दोनदा रस्त्यात थांबून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर परत परत बघितला होता. संध्याकाळी आईचा फोन आला. फोटो छान आलाय म्हणाली, थंडी किती आहे विचारलं, आणि मग म्हणाली, "हे ऐन आहेत का गं? कवळ तोडल्यासारखे दिसतायत."

मी म्हटलं, अगं इथे नेदरलँड्समध्ये कुठला आपला कोकणातला ऐन, हे विलो आहेत. तिथे विषय संपला. पण फोन ठेवल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण तोपर्यंत दोन हिवाळे मी या झाडांचे फोटो काढत होते, शेकड्यांनी काढले होते, आणि ही अशी का दिसतात हे एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. आईने एका फोटोवरून ओळखलं की इथे कुणीतरी कोयता चालवलाय.

मी उत्रेख्तला राहते. शहराच्या पूर्वेला क्रोमे राइन नावाची नदी आहे. नाव ऱ्हाइनचं, पण आकाराने आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी ओढ्याएवढी. कधीकाळी हाच ऱ्हाइनचा मोठा प्रवाह होता, रोमन साम्राज्याची हद्द या पाण्यावर होती, मग ११२२ साली वाइक बाय ड्युरस्टेडे या गावापाशी तिला बांध घातला, आणि मोठं पाणी दुसऱ्या फाट्याने निघून गेलं. उरली ती ही, वळणावळणाने, बुनिक, ओडाइक, वेर्कहोवन, कोतन अशा लहान गावांना लागून जाणारी. दोन्ही बाजूला गायरानं, गायरानांमध्ये पाणी काढून द्यायला खणलेले सरळ चर, आणि चरांच्या काठाने ही झाडं.

खोड साधारण माणसाच्या डोक्याच्या थोडं वर, दोन मीटरच्या आसपास. जाड, वाकडं, बऱ्याचदा आतून पोकळ, साल खोल खोल चिरलेली. आणि तिथे खोड एकदम संपतं. वर मोठी गाठाळलेली मूठ, आणि त्या मुठीतून सरळ आकाशात गेलेल्या काठ्या, वीस, तीस, चाळीस. डच लोक याला क्नॉटविल्ख म्हणतात. विल्ख म्हणजे विलो, आणि क्नॉट हा शब्द ते बाईच्या अंबाड्यालाही वापरतात. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता, कारण लांबून खरंच तसंच दिसतं, म्हाताऱ्या बायका अंबाडा घालून रांगेत कुठेतरी निघाल्यात.

फोटोच्या दृष्टीने या झाडांसारखं दुसरं काही नाही असं मी आजही म्हणेन. डिसेंबरात इथे सूर्य पावणेनऊला उगवतो, त्यामुळे पहाटेचा फोटो काढायला फार लवकर उठावं लागत नाही, आणि तो वर येतो तो इतका तिरपा की दुपारी बारालासुद्धा सावल्या लांबच लांब असतात. रांगेतली झाडं एकमेकांवर चढू द्यायची नाहीत, हे पहिलं. दोन खोडांच्या मध्ये थोडी तरी हवा दिसली पाहिजे, नाहीतर सगळ्याचं मिळून एक काळं कुंपण होतं. त्यासाठी अर्धं पाऊल डावीकडे, अर्धं पाऊल उजवीकडे, आणि चराच्या काठावर ते अर्धं पाऊल जपूनच टाकावं लागतं, कारण गवताखाली जमीन आहे की पाणी हे बघून कळत नाही. लांबची लेन्स लावली की रांग जवळ ओढली जाते आणि शेवटची झाडं पहिल्याइतकीच भारदस्त दिसायला लागतात. आणि धुकं असेल तर कॅमेऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, तो एवढं पांढरं बघून घाबरतो आणि सगळं राखाडी करून टाकतो, एक स्टॉप उजेड आपल्या हाताने वाढवायचा. मग धुकं धुक्यासारखं दिसतं.

धुकं मला आणखी एका कारणाने हवं असायचं. बुनिकजवळून बारा नंबरचा हायवे जातो, विजेचे मोठे टॉवर आहेत, गोठ्यांच्या पत्र्याच्या शेड आहेत, आणि धुकं हे सगळं पुसून टाकतं. धुकं नसेल त्या दिवशी मी वाकून, बसून, क्रॉप करून ते काढून टाकायचे. मला ती झाडं एकटी हवी होती. जुनी, थकलेली, कुणी नसलेली.

व्हॅन गॉगने १८८२ साली हेग शहरात असताना एका अशाच जुन्या झाडाचं जलरंगात चित्र केलंय, ते आता आम्सटरडॅमच्या त्याच्या म्युझियममध्ये आहे. भावाला लिहिलेल्या पत्रांत त्याने त्याबद्दल सांगितलंय. दुसऱ्या एका पत्रात तर अशी झाडांची रांग म्हणजे गरिबांच्या आश्रमातल्या म्हाताऱ्यांची रांग वाटते असंही तो म्हणतो. पण त्या चित्रात मला लागलं ते वेगळंच. झाड मरायला टेकलेलं, बाजूला शेवाळलेलं साचलेलं पाणी, आणि मागे चक्क रेल्वेचं आवार, धुराने काळ्या झालेल्या इमारती. त्याने ते काढून टाकलं नव्हतं. त्याच्या काळचा हायवे त्याने चित्रात ठेवला होता. मी त्या चित्रासमोर बराच वेळ उभी होते, आणि माझ्या लॅपटॉपमधले क्रॉप केलेले सगळे फोटो मला आठवत होते.

आईच्या त्या फोननंतर मी वाचायला लागले, आणि मग वाचून भागेना म्हणून हिवाळ्यात शनिवारी ही झाडं कापायला जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या एका गटात नाव घातलं. असे गट इथे गावोगावी आहेत. शेतकऱ्यांना आता या लाकडाची गरज उरली नाही, माणसं लावून कापणं परवडत नाही, मग रिटायर झालेली मंडळी, काही कॉलेजची मुलं, अशी वीसएक माणसं नोव्हेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत, म्हणजे पक्षी घरटी करायला लागायच्या आत, आरी आणि शिड्या घेऊन शेतात जातात. दुपारी वाटाण्याचं घट्ट सूप, उभ्याउभ्या, गार हाताने.

तिथे पहिल्या दिवशी मला ज्यांच्याबरोबर जोडी दिली ते आजोबा सत्तरीच्या पुढचे, जन्म याच भागातला, वडिलांचं गाईगुरांचं शेत. मी कॅमेरा घेऊन आले होते म्हणून सूप पिताना त्यांनी फोटो दाखव म्हटलं. मी माझा सगळ्यात आवडता फोटो काढला. वेर्कहोवनच्या पुढे एक प्रचंड झाड आहे, खोड वरून खालपर्यंत तीन भागांत उकललेलं, तिन्ही भाग तीन दिशांना जमिनीकडे कललेले, मांडीएवढ्या जाड फांद्या, मागून सूर्य. लोकांनी याचं फार कौतुक केलं होतं. एकदा मी तो मोठा प्रिंट करून एका मैत्रिणीला लग्नात दिला होता.

आजोबांनी बघितला आणि मान हलवली. म्हणाले, "हे कुणी वेळेवर कापलं नाही."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. दर तीन-चार-पाच वर्षांनी काठ्या उतरवल्या तर डोकं हलकं राहतं, खोड आतून पोकळ झालं तरी वर्षानुवर्षं तगतं. पंधरा-वीस वर्षं कुणी फिरकलंच नाही तर त्या काठ्यांचे वासे होतात, वजन पेलत नाही, आणि एखाद्या वादळात झाड स्वतःच्याच डोक्याने फाटतं. मी ज्याला म्हातारपणाचं सौंदर्य समजत होते ते म्हातारपण नव्हतंच, ते दुर्लक्ष होतं. झाड पंधरा वर्षं कुणाची तरी वाट बघत होतं, असं म्हटलं तर चुकीचं होणार नाही.

हे झाड एकटं कधीच नव्हतं. ते लावलं माणसाने. लावायची पद्धतसुद्धा आपल्याला ओळखीची वाटावी अशी, आपण शेवग्याचा फाटा नाही का रोवत, तसंच, मनगटाएवढी जाड, अडीच-तीन मीटर लांब काठी हिवाळ्यात तोडायची आणि चराच्या काठाला ओल्या जमिनीत खोल ठोकायची. बस्स. ती मुळं धरते. मुळांनी काठ धरून ठेवला जातो, माती पाण्यात घसरत नाही. आणि कापायचं ते डोक्याच्या उंचीवर, कारण खाली कापलं तर नवे कोवळे कोंब गाई खाऊन टाकतील. दोन मीटर ही उंची गाईच्या मानेने ठरवलीय! मला हे इतकं आवडलं, की मी त्या दिवशी मुद्दाम एक फोटो काढला ज्यात गाय आहे, मान वर केलेली, आणि झाडाचा अंबाडा तिच्या तोंडाच्या बरोब्बर वर.

आणि या काठ्यांचं काय काय व्हायचं. अवजारांचे दांडे, घेवड्याच्या वेलाला आधार, कुंपण, जळण. बारीक लवचिक काठ्यांच्या टोपल्या. जाडसर लाकडाचे ते प्रसिद्ध लाकडी बूट, पॉपलरचे करतात तसे विलोचेही करायचे. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे पाणी अडवण्याचं. विलोच्या फांद्यांच्या मोळ्या बांधून त्यांच्या प्रचंड चटया विणायच्या, त्या पाण्यावर तरंगत न्यायच्या, वर दगड टाकून तळाला बुडवायच्या, म्हणजे बांधाच्या पायाखालची वाळू वाहून जात नाही. बराच भाग समुद्रसपाटीखाली असलेला हा देश शतकानुशतकं या काठ्यांवर टेकलेला होता. नंतर नायलॉनचं कापड आलं आणि मागणी गेली. (जाता जाता, क्रिकेटची बॅट याच जातीच्या विलोच्या एका प्रकारापासून होते, फक्त तिथे खोड सरळ आणि बिनगाठीचं हवं म्हणून त्या झाडाला वेगळं वाढवतात. आणि आपल्याकडेही ओढ्यांच्या काठाला विलोचा एक भाऊ आहे, वाळुंज. ते नाव मी गावाचं नाव म्हणून आणि आडनाव म्हणून आयुष्यभर ऐकलं होतं, झाड म्हणून इथे येऊन कळलं.)

दुसऱ्या का तिसऱ्या शनिवारी मला शिडीवर चढू दिलं. दोन वर्षं या झाडांना मी खालून बघितलं होतं, वरून कधीच नाही. वर गेले आणि काठ्यांच्या मधे डोकं घातलं तर आत एक छोटी बागच होती. मुठीच्या मधल्या खोलगट भागात कुजलेल्या लाकडाची काळी भुसभुशीत माती झालेली, हाताला अगदी चहाच्या चोथ्यासारखी. त्यात शेवाळ, एक नेचा, आणि कुठल्याशा झाडाचं बोटभर रोप, पक्ष्याच्या विष्ठेतून आलेलं असणार. एका बाजूला भोक, आत अंधार. भोकाच्या कडेवर करंगळीच्या पेराएवढी एक राखाडी गोळी पडली होती. आजोबा खालून म्हणाले, हळूच फोड. फोडली तर आत भुंग्यांच्या पंखांची चकचकीत कवचं. स्टेनाउल, ते म्हणाले. छोटं घुबड. ते न पचलेलं तोंडातून बाहेर टाकतं. घरी येऊन बघितलं तर हा आपल्या पिंगळ्याचा सख्खा चुलतभाऊ निघाला, वंश एकच, तसाच चपट्या डोक्याचा, तसाच वटारलेल्या पिवळ्या डोळ्यांचा. इथे त्यांची संख्या खूप घटलीय, आणि राहायला त्यांना अशी पोकळ, जुनी, पण वेळेवर कापलेली झाडं लागतात. ते झाड आम्ही कापलं, पण भोकाला हात लावला नाही.

कापायची रीत आजोबांनी तीनदा करून दाखवली. जाड फांदी असेल तर आधी खालच्या बाजूने, ज्या बाजूला ती पडणार तिथून, थोडी आरी घालायची. मग वरच्या बाजूने कापत यायचं. असं नाही केलं तर फांदी पडताना खालची साल सोलत सोलत खोडापर्यंत नेते, आणि ती जखम झाडाला लवकर भरता येत नाही. फांदी सुटते तेव्हा आधी एक बारीक कर्र असा आवाज येतो, मग क्षणभर काहीच नाही, मग ती हवा कापत खाली जाते. आणि कापलेल्या जागी पांढरं-केशरी ओलं वर्तुळ दिसतं, त्याचा वास काकडीसारखा, थोडा कडवट.

संध्याकाळी त्या रांगेकडे बघितलं तर झाडं नुसते खांब. वर टक्कल, त्यावर पन्नास ताजी वर्तुळं. दोन वर्षं ज्या रेघांसाठी, ज्या काठ्यांसाठी मी मरत होते त्या सगळ्या खाली ढिगात. फोटोसाठी याहून वाईट अवस्था नाही, आणि पूर्वी अशी रांग दिसली की मी सायकल न थांबवता पुढे जायचे. त्या दिवशी थांबले. तिन्हीसांजेच्या उजेडात ती वर्तुळं एकेक करून दिसत होती, दिव्यांसारखी नाही, तसं काही नाही, नुसत्या नव्या कापासारखी. मी हायवे फ्रेममध्ये येऊ दिला. शिड्याही येऊ दिल्या, काठ्यांचा ढीग, सुपाचं पातेलं, आजोबांची पाठ. तेव्हापासून मी त्याच रांगेचा, त्याच जागेवरून, दर महिन्याला एक फोटो काढते. मे महिन्यात टकलावर कोंबांचं हिरवं जावळ आलं. ऑगस्टपर्यंत काठ्या माझ्यापेक्षा उंच. दुसऱ्या हिवाळ्यात पिवळसर सळसळीत केस. हे फोटो एकेकटे बघितले तर साधे आहेत, हे मला माहीत आहे. मला ते धुक्यातल्या फोटोंपेक्षा जास्त जवळचे आहेत.

आणि मग गेल्या एप्रिलमध्ये घरी गेले, दापोलीकडे, तेव्हा काकांबरोबर वरकसात गेले.

आमच्याकडे भातखाचरांच्या वरच्या उतारावर ऐन आणि किंजळ. मी लहान असताना काका कमरेच्या आकडीला कोयता अडकवून चढायचे आणि बाजूच्या फांद्या पानांसकट उतरवत जायचे. हेच कवळ तोडणं. शेंड्याला थोडा पाला ठेवायचा, बाकी झाड खांबासारखं. आम्ही मुलं खाली भारे करायचो. ते वाळवायचे, मग राबाच्या, म्हणजे भाताच्या रोपांसाठी भाजायच्या, जागेवर आधी शेण, त्यावर कवळ, त्यावर गवत-पातेरा, आणि वरून मातीचा पातळ थर, म्हणजे आग भडकत नाही, धुमसत राहते. उन्हाळ्याच्या शेवटाला सगळ्या डोंगरातून भाजावळीचा धूर यायचा. त्या भाजलेल्या जमिनीत पहिल्या पावसावर भाताचं बी. आणि तोडलेला ऐन पावसात पुन्हा फुटायचा, दोन-तीन वर्षांनी पुन्हा तयार. माझ्या आजोबांच्या आजोबांनीही तोच ऐन तोडला असेल.

आमच्या घरात अल्बम आहेत, गणपतीचे, मुंजीचे, लग्नांचे. ऐनाचा एकही फोटो नाही. कवळ तोडतानाचा नाही, राबाचा नाही. तेव्हा कॅमेरा कुणाकडे होता म्हणा, पण नंतर आला तेव्हाही कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. मी दुसऱ्या देशातल्या तोडलेल्या झाडांसाठी थंडीत उभी राहिले, आणि घरच्या झाडांना मी तोडलेलं बघितलंय हे आईने आठवण करून द्यावं लागलं.

आता राब कुणी करत नाही, निदान आमच्या वाडीत. काकांचे गुडघे गेले. झाडांना दहा-बारा वर्षं कोयता लागलेला नाही, सगळा रान माजल्यासारखा पाला. सुरुवातीला मला काही ओळखूच येईना. मग काकांनी एका ऐनापाशी थांबून हात वर केला आणि मगरीच्या पाठीसारख्या त्या सालीवर एक गाठ दाखवली. मग दुसरी. मग मला सगळीकडे दिसायला लागल्या, खोडावर एकाखाली एक, जुन्या घावांच्या भरून आलेल्या गाठी, आणि प्रत्येक गाठीतून निघालेला, आता वासा झालेला फाटा. पायांच्या खोबणीसुद्धा दाखवल्या. "इथे डावा पाय," म्हणाले, "आणि इथे उजवा." मी त्यांचा हात त्या गाठीवर असतानाचा फोटो काढला. ऊन कडक होतं, उजेड वाईट होता, सावली तोंडावर पडली. काढला.

परत आल्यावर काकांना मी इथले फोटो पाठवायला लागले. धुक्यातल्या अकरा झाडांवर त्यांचं काही म्हणणं नव्हतं, "बरा आहे" एवढंच. मग या जानेवारीत मी पहिल्यांदा एक अख्खं झाड एकटीने उतरवलं, म्हणजे आजोबा खाली शिडी धरून होते, पण आरी माझी, आणि त्याचे फोटो पाठवले. ताजी वर्तुळं, जवळून, एकेक. रात्री उशिरा त्यांचा व्हॉइस मेसेज आला. मागे कोंबडा आरवत होता, म्हणजे तिकडे पहाट झालेली.

"खालून आधी घाव घातला होतास का? की वरूनच कापलंस? साल बघ कुठे सोललीय का. मोठा करून बघ."

मी लॅपटॉप उघडला, फोटो मोठा केला आणि एकेक वर्तुळ बघत गेले, कडेकडेने. एकेचाळीस होती. चाळीस ठीक होती. डावीकडून तिसऱ्याची साल बोटभर सोलली होती.